संतांची गोष्ट रंगमंचावर आणताना

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

रामकृष्णहरी.

दिंडीचे विणेकरी, चोपदार, मृदंगवादक, टाळकरी मंडळी, डोईवर तुळस घेऊन इतकी वर्षं चालत आलेल्या सगळ्या माय-माउल्या, आणि मंडपाच्या कडेला उभी असलेली तरुण पोरं, सगळ्यांना आमचा दंडवत.

आम्ही नाटक शिकवणारी माणसं. शताब्दीच्या सोहळ्यात कीर्तनकार सोडून नाटकवाल्यांना कशाला बोलावलं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. आमच्याही आलं. पण दिंडीच्या मंडळींनी विषय सांगितला तेव्हा उलगडा झाला. ते म्हणाले, "तुम्ही पोरापोरींना घेऊन संतांच्या गोष्टींची नाटकं बसवता. ती आम्ही मुक्कामाच्या गावी पाहिलीत. पोथीतली गोष्ट नाटकात कशी जाते तेवढं सांगा. आमच्या गावच्या पोरांनाही करावंसं वाटतंय." तर आज तेवढंच सांगणार आहोत. विद्वत्तेचं काही सांगायला आम्ही उभे नाही, आणि या मंडपात सांगायला गेलो तर तुम्ही आम्हाला खाली बसवाल.

आधी एक शंका फेडून टाकू. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, संतांचं सोंग आणायचं का? ते शोभतं का? माउली, सोंग आपल्याला परकं नाही. पैठणच्या नाथ महाराजांनी भारुडात काय काय सोंगं आणलीत ते बघा. जोशी, वासुदेव, भुत्या, जोगवा मागणारी, अगदी विंचू चावलेला माणूससुद्धा. मुक्कामाला रात्री भारूड उभं राहिलं की लोक पोट धरून हसतात, आणि हसता हसता एखादा शब्द असा लागतो की घरी गेल्यावर झोप येत नाही.

आणि कीर्तन तरी काय असतं? एक माणूस उभा राहतो. पाठीशी टाळकरी, बाजूला मृदंग. उपरणं डोक्यावर घेतलं की तो जनाबाई होतो, कमरेला बांधलं की सावता माळी होतो, आणि पुढच्या क्षणाला पुन्हा महाराज होऊन आपल्याशी बोलायला लागतो. पडदा नाही, रंग नाही, कपडे बदलणं नाही. आम्ही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात कीर्तनाला नेऊन बसवतो. एकट्या माणसानं चार माणसं कशी उभी करायची, हे त्यांना तिथं डोळ्यांनी दिसतं.

मराठी नाटकाची सुरुवातही अशीच झाली. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार बाजूला उभा राहून पदं म्हणत गोष्ट सांगायचा आणि पात्रं ती करून दाखवायची. म्हणजे सांगणं आणि दाखवणं हातात हात घालून चाललं होतं. पुढं शहरातल्या नाटकानंही कीर्तनाकडून घेतलं. सतीश आळेकरांच्या १९७४ सालच्या 'महानिर्वाण' नाटकात तर मेलेला माणूसच स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. तेव्हा आम्ही तुमच्या दारी काही नवीन घेऊन आलेलो नाही. तुमच्याच घरातली वस्तू परत आणून दाखवतोय.

आता कामाकडे येऊ.

गोष्ट निवडली की आमचा एक नेम आहे. ती तीनदा ऐकायची. एकदा पोथीतून, एकदा कीर्तनातून, आणि एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून. पोथी म्हणजे बहुतेक वेळा महिपतीबुवांची. ताहराबादच्या या सत्पुरुषानं १७६२ साली 'भक्तविजय' पुरा केला, पुढं 'भक्तलीलामृत' लिहिलं, आणि आपल्या संतांच्या गोष्टी ओवीत बांधून ठेवल्या. त्यांनी स्वतःच आधीच्या नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचं ऋण मानलंय. म्हणजे महिपतींनीही गोष्ट ऐकली, मग आपल्या पद्धतीनं सांगितली. मुलांना हे कळलं की त्यांची भीती कमी होते. गोष्टीला हात लावायचा म्हणजे पाप नव्हे; पण हात धुऊन लावायचा.

तीनदा ऐकल्यावर फरक दिसायला लागतात. गोरोबाकाकांची गोष्ट घेतली तेव्हा एका मुलीच्या आजीनं सांगितलं की संती पाण्याला जाताना नवऱ्याला तीन वेळा बजावून गेली, लेकराकडं बघा म्हणून. एका मुलाच्या आजोबांच्या गोष्टीत ती काहीच बोलत नाही, लेकरू ठेवते आणि घागर उचलते. आम्ही मुलांना विचारलं, यातलं कुठलं घ्यायचं? तासभर भांडण झालं. तीनदा बजावलं तर गोरोबांचा दोष वाढतो. काही बोललीच नाही तर आईच्या मनाला आयुष्यभर टोचणी लागते. शेवटी असं ठरलं की ती एकदा सांगते, आणि गोरोबा मान हलवतात. त्यांनी ऐकलं का नाही ते बघणाऱ्यानं ठरवायचं.

पोथीत जे दोन-चार ओव्यांत उरकतं, तिथं नाटकाला थांबावं लागतं. आणि पोथी जिथं पानंच्या पानं वर्णन करते, ते नाटकात एका घागरीनं होतं. कुठं थांबायचं आणि कुठं पुढं जायचं, हेच खरं काम. गोरोबांच्याच गोष्टीवरनं सांगतो, म्हणजे नीट कळेल.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. तेर गावचे गोरोबा. पायानं चिखल तुडवतायत, तोंडी विठ्ठलाचं नाव. रांगतं लेकरू जवळ आलं आणि पायाखाली गेलं. संती पाण्याहून आली, आक्रोश केला. गोरोबा रागानं धावले तेव्हा तिनं विठोबाची आण घातली, मला शिवायचं नाही. त्यांनी आण पाळली. वंश चालावा म्हणून संतीनं आपली बहीण रामी त्यांना करून दिली. सासऱ्यानं सांगितलं दोघींना सारखं वागवा, तर गोरोबांनी सारखं वागवलं, दोघींनाही शिवले नाहीत. पुढं त्या दोघींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले, आण मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. मग पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात सगळ्यांनी हात वर केले, गोरोबांनी थोटे हात वर केले, आणि हात परत आले. लेकरूही रांगत आईकडे आलं.

आता हे करून दाखवायचं कसं?

आमच्या मुलांमध्ये एक मुलगा कुंभाराच्या घरातला. तो म्हणाला, "सर, तुम्ही सगळे नाचताय. माती अशी तुडवत नाहीत." म्हणून आम्ही सगळे त्याच्याबरोबर कुंभारवाड्यात गेलो. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळलेली. त्याचे काका टाच दाबून, सरकत सरकत, सगळा गोळा पायाखालून घालत होते. मध्येच थांबायचे, वाकायचे, एवढासा खडा काढून फेकायचे. आम्ही विचारलं, दिसला कसा? ते हसले. म्हणाले, "दिसत नाही, पायाला कळतो. हरभऱ्याएवढा खडा राहिला तरी मडकं आव्यात फुटतं."

सगळी मुलं गप्प झाली. ज्या पायाला हरभऱ्याएवढा खडा कळतो, त्या पायाला आपलं लेकरू कळलं नाही. गोरोबांची तंद्री किती खोल होती, हे सांगायला आता एका शब्दाची गरज उरली नव्हती. नाटकात आम्ही एवढंच केलं: सुरुवातीला गोरोबा झालेला मुलगा माती तुडवतो, मध्ये दोनदा थांबतो, खडा काढून टाकतो. मग टाळ सुरू होतात. पायाची चाल हळूहळू वारकऱ्यांच्या पावलीत मिसळते. आणि त्यानंतर तो खडा काढायला एकदाही वाकत नाही. समोर बसलेल्या कुंभार मंडळींना ते आधी कळतं, बाकीच्यांना मागाहून.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. संतांच्या गोष्टी धंद्याच्या गोष्टी आहेत. कुणी कुंभार, कुणी माळी, कुणी सोनार, कुणी न्हावी, कुणी शिंपी. ज्याला त्या धंद्याचं काम माहीत आहे त्याला विचारल्याशिवाय नाटक बसवू नका. पोथी भाव सांगते. हात कसा चालतो ते माणूस सांगतो.

दुसरा प्रश्न लेकराचा. बाहुली आणावी का, यावर बोलणं झालं. पण बाहुली आणली की लोक बाहुलीकडे बघतात, खरी आहे की खोटी आहे ते बघतात. खरं मूल आणायचं तर त्याहून वाईट, सगळ्यांचा जीव त्या मुलात अडकतो. मग ठरलं, लेकरू दाखवायचंच नाही. एक झबलं. संती ते झबलं काठीवर वाळत घालते, लेकराशी बोलते, घागर घेऊन जाते. टाळ-मृदंग चालू. चाल वाढत जाते. आणि मृदंग मध्येच थांबतो. सम येत नाही. बस्स. संती येते, काठीवरचं झबलं बघते, चिखलाकडे बघते.

तिथं आमच्या मुलांना वाटायचं, आता रडायला पाहिजे, ओरडायला पाहिजे. आम्ही सांगितलं, थांबा. समोर बसलेल्या बायांना पुढचं माहीत आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकीला ती घागर कुठं ठेवावी ते सुचत नाहीये. तुम्ही घागर हळूच खाली ठेवा. रडण्याचं काम त्या करतील. गावोगावी बघितलं, त्याच करतात.

शहरातल्या नाटकात बघणाऱ्याला पुढं काय होणार ते माहीत नसतं, म्हणून तो धरून बसतो. आपल्याकडं सगळ्यांना शेवट पाठ असतो, तरी माणूस उठत नाही. आपण कशाला बसतो मग? त्या माणसांनी ते सोसलं कसं, हे बघायला बसतो. म्हणून गोष्ट बसवताना 'काय झालं' यात वेळ घालवू नये. 'झाल्यावर त्या घरात दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटली' हे बघावं. आमच्या नाटकात एक प्रसंग आहे तो पोथीत नाही. आण घातल्यानंतरची सकाळ. संती भाकरी थापते, ताट गोरोबांपुढं सरकवते, आणि हात लागू नये म्हणून ताटाची कड सोडून पटकन मागं होते. बोलणं काही नाही. ती जोडणी मुलांनीच केली. पण संतांच्या तोंडी आम्ही नवा उपदेश घालत नाही. कृती घालतो, तीही गोष्टीत बसेल तेवढीच.

आता सगळ्यात अवघड ठिकाणी येतो. लेकरू परत येतं, त्याचं काय करायचं?

आमची मुलं आजच्या काळातली. निम्मी म्हणाली, हात तोडले तिथं नाटक संपवू. एवढी जबरदस्त जागा आहे, पुढं चमत्कार कशाला? आजचा माणूस मानणार नाही. बाकीची म्हणाली, मग ती गोरोबांची गोष्टच राहणार नाही. दोन्ही बाजू तावातावानं भांडत होत्या, आणि आम्ही कुणाला गप्प केलं नाही. तेव्हा तालीम एका गावच्या देवळात चालायची. रोज एक म्हातारी वाती वळत कोपऱ्यात बसायची. ती दोन-तीन दिवस ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पोरांनो, लेकरू माघारी येऊ द्या."

एका मुलानं आदरानंच विचारलं, "आजी, पण असं होतं का कधी?"

ती म्हणाली, "न्हाई होत. माझं न्हाई आलं. म्हणून तर त्याचं येऊ द्या."

त्यानंतर वाद उरला नाही. जी मुलं हात तोडले तिथं संपवा म्हणत होती, त्यांनीच शेवट बसवला. आम्ही मुलांना इतकी वर्षं शिकवत होतो की नाटकात पटेल असंच दाखवावं. त्या आजीनं दाखवून दिलं की चमत्कार हा पटवून द्यायचा विषयच नाही. ज्यांचं परत आलं नाही त्यांना देण्यासाठी तो गोष्टीत ठेवलाय. गोष्ट छाटायची तर छाटता येते, पण कुणाच्या वाट्याचं छाटतोय ते आधी बघावं लागतं.

आता तो दाखवायचा कसा? १९३६ साली प्रभातच्या 'संत तुकाराम' सिनेमात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि वैकुंठगमन पडद्यावर दिसलं. सिनेमाला ते जमतं. देवळाच्या ओट्यावर आपल्याकडं ना दोऱ्या ना यंत्रं. आम्ही असं केलं. नामदेव झालेला मुलगा कीर्तनात म्हणतो, हात वर करा. तो समोर बसलेल्या लोकांनाच म्हणतो. दोन-तीनशे माणसं हात वर करून टाळी धरतात. गोरोबा घोंगडीखाली हात गुंडाळून उभा असतो. सगळ्यांचे हात वर गेले की तो घोंगडी टाकतो आणि त्याचेही हात त्या हातांत मिसळतात. कुठल्या क्षणी आले ते कुणाला नेमकं दिसत नाही. मग संती खाली बसते, पदर पसरते, आणि मृदंग मघाशी जिथं तुटला होता तिथूनच सुरू होतो. राहिलेली सम येते. लेकरू तेव्हाही दाखवत नाही. पण प्रत्येक गावात बाया नंतर सांगतात की आम्हाला रांगताना दिसलं.

दुसरी एक गोष्ट थोडक्यात सांगतो, नाथांच्या गाढवाची. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेली यात्रा, तापलेल्या वाळूत तडफडणारं गाढव, आणि नाथांनी कावडीचं पाणी त्याच्या तोंडी घातलं. बसवायला बसलं की सगळ्यांना नाथ व्हायचं असतं. पण या गोष्टीतलं नाटक आम्हाला बरोबरच्या यात्रेकरूंमध्ये सापडलं. शेकडो कोस खांद्यावर वाहिलेलं पाणी! देवाच्या डोक्यावर घालायचं म्हणून स्वतःची तहान मारून जपलेलं. नाथ कावड खाली ठेवतात तेव्हा बाकीच्यांच्या तोंडावर काय दिसलं असेल? राग दिसेल, भीती दिसेल, आणि एखाद्याच्या मनात येईल की आता माझ्याही कावडीतलं द्यावं लागतंय की काय. मुलांना आम्ही सांगितलं, सगळे यात्रेकरू व्हा, आणि प्रत्येकानं एकच ठरवा, मी पाणी देईन का नाही.

हे करायच्या आधी मुलांना दिंडीत चालवलं. तीन मुक्काम चालली ती तुमच्याबरोबर. रंगमंचावर जागच्या जागी चालून दाखवणं सोपं असतं, पण तिसऱ्या दिवशीचा पाय कसा पडतो ते खोटं करता येत नाही. आळंदी ते पंढरी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणारा माणूस समोर बसलाय. त्याला नकली चाल लगेच ओळखू येते. आणि गाढव झालेल्या मुलाला मुखवटा दिला नाही. आधी लोक हसतात, पोरं तर फारच. हसू द्यावं. तो पडला आणि उठत नाही असं दिसलं की मांडवातलं हसू आपोआप विरतं. ते विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नाथांनी काही करायचं नाही, हे मुलांना शिकवायला मात्र आम्हाला महिना लागला.

तिसरी गोष्ट चोखोबांची. ही बोलल्याशिवाय शंभर वर्षांचा हिशेब पुरा होणार नाही.

दिंडी पहिल्यांदा निघाली तेव्हा पंढरीचं देऊळ सगळ्यांना खुलं नव्हतं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले तेव्हा ती गोष्ट सुटली. म्हणजे या दिंडीतली पहिली काही वर्षं चाललेली काही माणसं शिखराचं दर्शन घेऊनच परत फिरली असतील. महाद्वारी नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. आपण सगळे तिथं डोकं टेकवून आत जातो. या गोष्टीचं नाटक करायचं म्हणजे जपूनच पाऊल टाकावं लागतं.

पहिला प्रश्न असा येतो की चोखोबा कोण होणार. गावात लगेच आडनावं मोजायला सुरुवात होते. आम्ही भूमिका आडनावावर देत नाही. सगळ्या मुलांनी सगळ्या भूमिका करून बघायच्या: बडवे व्हायचं, चोखोबा व्हायचं, सोयराबाई व्हायचं, गर्दीतला गप्प बसणारा माणूसही व्हायचं. नाथांनी भारुडात प्रत्येक जातीचं सोंग स्वतः घेतलं, आम्ही तोच धडा गिरवतो. एका घरच्या वडिलांनी मुलाला 'ते' काम देऊ नका म्हणून निरोप धाडला होता. मुलानं काम सोडलं नाही. प्रयोगाला वडील आले, मागं उभे राहिले, शेवटपर्यंत राहिले. नंतर काही बोलले नाहीत, पण सामान उचलायला त्यांनी हात लावला. आम्हाला तेवढं पुरे झालं.

दुसरा प्रश्न मांडणीचा. आमच्या नाटकात चोखोबा झालेला मुलगा ओट्यावर चढतच नाही. सगळं नाटक वर चालतं, तो पायरीशी, लोकांमध्ये बसलेला असतो. तुमच्या गुडघ्याला त्याचा खांदा लागतो. तिथूनच बोलतो. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली आणि चोखोबा खाली गेले, तो प्रसंग आला की वरची मुलं खांद्याला खांदा लावून भिंत होतात. माणसांची भिंत मराठी नाटकात आधीही झाली आहे, १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये. आमची भिंत आधी देवळाची असते, मग गावकुसाची होते. तीच माणसं. आम्ही बाकी काही सांगत नाही. नामदेवराय अस्थी शोधायला येतात, आणि ज्या अस्थींतून विठ्ठलाचं नाव ऐकू येतं त्या उचलतात. तिथं मुलं समोरच्या एकेका माणसाजवळ जाऊन कान लावतात. काही गावांत लोक आपणहून हळू आवाजात नामस्मरण सुरू करतात. काही गावांत लोक गप्प राहतात. दोन्ही आम्ही स्वीकारतो.

तरुण मंडळींना अलीकडचं एक उदाहरण सांगतो. प्राजक्त देशमुख यांचं 'संगीत देवबाभळी' २०१७ साली रंगमंचावर आलं. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगरावर निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि विठोबा तो काढतो, ही तुमची-आमची ऐकलेली गोष्ट. नाटक सगळं दोन बायकांचं आहे, आवली आणि लखुबाई होऊन आलेली रखुमाई. तुकोबा नाहीत, विठोबा नाहीत. गोष्टीत जी माणसं कडेला उभी असतात त्यांच्याकडं वळून बघितलं की किती सापडतं, हे त्यात दिसतं. आधी ती एकांकिका होती, मग मोठं नाटक झालं. तुमच्या गावात दोन मुली आणि एक चूल असेल तरी सुरुवात करता येते.

आता ज्या गावांना करायचंय त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

गोष्ट लहान घ्या. अर्ध्या तासाच्या आत संपवा. मुक्कामाला माणूस थकलेला असतो, पहाटे उठून चालायचं असतं. दाढ्या, मुकुट, भाड्याचे कपडे आणू नका. पांढरा सदरा, धोतर, लुगडं, घोंगडी, उपरणं घरात असतंच. टाळ, मृदंग, वीणा, पताका दिंडीत आहेतच. वीणा मात्र नाटकात वापरू नका. ती खाली ठेवायची नसते, हे मुलांनी आधी विणेकऱ्यांकडून शिकावं. माईक लावलाच तर सांगणाऱ्याला एक लावा, बाकीच्यांनी आवाज कमवावा. भाषा गावची ठेवा. तेरच्या कुंभारानं पुस्तकी मराठी बोललेलं कानाला खटकतं. अभंग आला तर तो जसा आहे तसा, पूर्ण, दिंडीच्या चालीत म्हणा. त्याचा एक शब्द बदलू नका. गद्य आपलं, अभंग त्यांचा, ही रेघ पाळली की वडीलधारी मंडळी पाठीशी उभी राहतात.

आणि पहिला प्रयोग गावच्या म्हाताऱ्यांपुढं करा. त्या मधे बोलतील. बोलू द्या. आमची अर्धी नाटकं अशा मधल्या बोलण्यातून सुधारली आहेत.

जाता जाता दिंडीकडं एक मागणं आहे. शंभर वर्षं ही गोष्ट पायानं चालत आली आहे. तुमच्या फडातल्या जुन्या आज्या-आजोबांना गोष्टी त्यांच्या पद्धतीनं येतात, आणि ती पद्धत कुठल्याच पोथीत नाही. मघाशी सांगितलं ना, एका आजीची संती तीनदा बजावते आणि एका आजोबांची काहीच बोलत नाही. ती दोन्ही माणसं आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं आमच्या मुलांनी वहीत उतरवून घेतलं म्हणून राहिलं. पुढच्या वारीत प्रत्येक मुक्कामाला एका पोरानं एका म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं, एक गोष्ट ऐकावी, बोलली तशी लिहून काढावी. मोबाइलवर आवाज धरून ठेवला तरी चालेल. नाटक व्हायचं तेव्हा होईल, नाही झालं तरी बिघडत नाही. पण गोष्ट कुणीतरी ऐकून घेतलेली असली पाहिजे.

आमच्या पोरांना तुम्ही पंगतीत बसवलंत, त्यांच्या पायाच्या फोडांना तेल लावलंत, आणि नाटकात चुकलं तिथं कान धरलात. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची आमची इच्छाही नाही. पुढच्या वर्षी पुन्हा येतो, नवी गोष्ट घेऊन. जनाबाईंचं जातं मुलांनी काढून ठेवलंय. ते ओढायचं कसं ते शिकवायला दोन माउल्या पाहिजेत, तेवढं आधी सांगून ठेवतो.

रामकृष्णहरी.